बॉयलर थंड होईपर्यंत

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी बॉयलरवर होतो. शेजारणीचा फोन आला. "भाऊजी, लगेच या," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. पण पेटता बॉयलर सोडून निघता येत नाही. बदलीचा माणूस येईपर्यंत मी दाबाच्या काट्याकडे बघत उभा राहिलो. घरी पोचलो तेव्हा सगळे येऊन बसले होते, माझीच वाट बघत.

आमची लाँड्री मोठी. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात. त्या धुवायला, वाळवायला, इस्त्रीला लागणारी वाफ माझ्या बॉयलरची. मी कंत्राटावर.

मुलगी एकुलती एक, लांब राहते. तिचे दिवस भरत आलेले आणि त्यात ब्लडप्रेशर चढलेलं. जावई म्हणाला, "बाबा, तिला एवढ्यात काही कळू देऊ नका. तुम्ही इथं या, मग सांगू. माझ्या एकट्याच्यानं होणार नाही." मी हो म्हणालो. सगळ्या सोयऱ्यांनाही बजावलं.

मुलीचा फोन रोज यायचा.

"आईला द्या ना."

"झोपलीय गं."

"दरवेळी बरी झोपलेली असते! भांडलात ना तुम्ही?"

मी "हो," म्हणालो.

"अहो, या वयात? द्या तिला, मी मिटवते."

मी फोन ठेवून दिला. कुणीतरी तिच्यापुढं चुकून बोलून जाईल, ही धास्ती डोक्यातून जाईना.

सुपरवायझरकडे रजा मागितली.

"परवाच तर दिली होती, मामा."

"मग काम सोडतो."

"करारात महिन्याची नोटीस आहे. महिना भरा आणि खुशाल जा."

"तोवर पोरगी बाळंत होईल."

"मग थेट नातू बघायलाच जा की!" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "तुमच्या जागी परवानेवाला माणूस कुठून आणू? झाडाला लागतात का?"

माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावर कंत्राटदार बसलेला. पण मी सरळ सांगून बसलो की गुरुवारी पाळी संपली की निघणार. तिथंच चुकलो.

गुरुवारी पिशवी घेऊनच कामावर गेलो. पाळी संपली, पण बदलीचा माणूस येईना. त्याला आम्ही जांभई म्हणतो, बोलता बोलता चार तरी देतो. मी फोन लावला.

"मामा, मला दुसऱ्या लाँड्रीत पाठवलंय. तुम्हाला कुणी बोललं नाही?" एकही जांभई न देता तो म्हणाला.

सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला. "आता कसे जाता? पेटता सोडलात तर परवाना जाईल."

खरं होतं. त्या दिवशीही याच आगीनं मला धरून ठेवलं होतं.

मी बर्नर बंद केला.

"अहो, काय करताय!" तो ओरडला. "चादरी ओल्या पडल्यात आत!"

रोलर गार व्हायला लागले तशा इस्त्रीच्या बायका बाहेर आल्या. सगळ्यांत पुढं अक्का, माझ्या बायकोची मैत्रीण.

"ओल्या तर ओल्या," ती म्हणाली. "चादरीवाचून कुणाचा जीव जात नाही. भाऊजी, तुम्ही निघा."

"कामाचा दाखला मिळणार नाही, मामा. परत कुठल्या बॉयलरवर उभे राहता बघतो!"

"बघा," मी म्हणालो.

पण बर्नर बंद केला म्हणून लगेच उठता येत नाही. दाब उतरेपर्यंत पाण्यावर लक्ष ठेवावं लागतं. मी स्टुलावर बसलो. काटा मुंगीच्या पावलानं खाली येत होता. सुपरवायझर फोनवर कुणाच्या तरी शिव्या खात होता. माझी गाडी चुकली. काटा पार तळाला टेकला तेव्हा पिशवी उचलली आणि पुढची गाडी धरली.

दार मुलीनंच उघडलं. पाय सुजलेले, चेहराही. ती माझ्याकडे बघून हसली आणि मग माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागली. मागं मला गाडीवर घ्यायला आलेला जावई होता, माझी पिशवी घेऊन.

"आई?" तिनं विचारलं.

"आधी आत तर येऊ दे त्यांना," जावई म्हणाला.

ती पाणी आणायला आत गेलीय. मी खुर्चीत बसलोय. तिला अजून सांगितलेलं नाही.