सगळे सेन्सर ठीक

पाण्याला उकळी फुटली तसा त्याने गॅस बंद केला आणि दोऱ्याला बांधलेला सेन्सर अलगद पातेल्यात सोडला. सेन्सरला चिमटे लावून त्यांच्या वायरी त्याने ओट्यावरच्या मल्टिमीटरपर्यंत आणल्या होत्या. चष्मा कपाळावर सारून तो मीटरच्या आकड्यांवर वाकला.

"दूध तापवायचं पातेलं आहे ते," बायको मागून म्हणाली.

"घासून देतो."

"इंजिनातली वस्तू ती. घासून वास जाणारे का?"

"इंजिनाचं पाणी किती तापलं ते सांगणारा सेन्सर आहे. आयुष्यभर पाण्यातच असतो."

"मग आज आपल्या घरी गरम पाण्याने न्हाला म्हणायचा."

एरवी तो हसला असता. पाणी निवत होतं तसा विद्युतरोधाचा आकडा वर चढत होता, आणि गाडीच्या जाड पुस्तकात छापला होता तसाच चढत होता. हा सेन्सर खोटं बोलत असेल, त्यामुळे इंजिनाला नको तेवढं पेट्रोल जात असेल आणि ते गुदमरून बंद पडत असेल, या आशेवर तो काल झोपला होता. पाणी कोमट होईपर्यंत तो उभा राहिला. आकडा एकदा तरी अडखळावा, एकदा तरी उडी मारावी. तो अडखळला नाही.

"कसाय?" तिने विचारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि दोरा ओढून सेन्सर बाहेर काढला.

महिन्याभरापूर्वी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना मोठ्या चौकात गाडी मधोमध उभी राहिली होती. सिग्नल हिरवा होता. मागे हॉर्नचा गदारोळ झाला, एकाने तर खाली उतरून काचेवर टकटक केली. त्याने किल्ली फिरवली, कर्रर्र असा काहीतरी भलताच आवाज आला, आणि मग गाडी पुढे गेली. कुठल्या रस्त्याने जायचं ते तिने बोट करून दाखवलं. वर्षानुवर्षं ते त्याच रस्त्याने जात होते.

मुलाच्या कानावर गेलं तेव्हा बापाच्या आधी तीच बोलली होती. "अरे, इंजिन बंद पडलं. बाबा काय करणार?"

मुलगा म्हणाला होता, "बघू या. गाडीत बिघाड सापडला तर दुरुस्त करून घेऊ, काही प्रश्न नाही. नाही सापडला तर मी गाडी घेऊन जातो."

"म्हणजे मग बिघाड माझ्यात."

"असं मी कुठे म्हटलं, बाबा?"

"नाही म्हटलंस."

गॅरेजवाल्याने स्वतःचं यंत्र जोडून बघितलं होतं आणि वर न बघताच निकाल दिला होता. "काका, गाडी ठणठणीत आहे. बिनधास्त फिरवा." पण घाईतल्या माणसाला असले बिघाड सापडत नाहीत, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. कधीमधी होणारा बिघाड शोधायला सवड लागते. सवड त्याच्याकडे भरपूर होती. जन्मभर कचेरीत कागद हाताळले, पण गाडीची लहानसहान दुरुस्ती तो पुस्तक पुढ्यात ठेवून घरीच करत आला होता. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, पत्र्याच्या छपरात, रोज बॉनेट उघडं पडू लागलं.

इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवर त्याची सगळ्यात जास्त भिस्त होती. बिघडलेला असेल तर तो तापला की मुका होतो आणि इंजिन जागच्या जागी थांबतं. बायकोचं केस वाळवायचं यंत्र त्याने खाली नेलं आणि सेन्सरवर गरम हवा सोडत बसला. शेजारी कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"भांग कुठल्या बाजूला पाडायचा ठरलाय?"

"तापवून बघतोय."

"अहो, इतक्या दिवसांत मी डॉक्टरांकडे चालत जाऊन आलो असतो."

सेन्सर हातात धरवेना इतका तापला. मीटरने पहिल्यासारखंच ठीक असल्याचं सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं आणि वायरी हलवून बघितल्या. एकेक जोड चिमटीत धरून हलवला, जरा जोरानेच. काही सैल असावं म्हणून.

शेवटचा उरला तो ॲक्सिलरेटरचा सेन्सर. त्यासाठी बायकोला गाडीत बसवावं लागलं.

"हळू दाब. गोगलगाय चालते तशी."

"अशी?"

"ही गोगलगाय? हा ससा झाला."

"तुमच्या गाडीला माझा पाय चालत नाही तर स्वतःचा लावा."

तिने पुन्हा दाबलं, श्वास रोखून, ओठ घट्ट मिटून. आकडा अगदी खालून वर गेला. कुठे दचकला नाही. त्याने पुन्हा करायला सांगितलं, आणखी एकदा सांगितलं, मग पुरे म्हणाला.

सगळं जागच्या जागी बसवून तो गाडीत शिरला. ती सरकून शेजारच्या सीटवर बसली. त्याने इंजिन सुरू केलं. ते इतकं शांत चालत होतं की स्टिअरिंगवर हात ठेवल्याशिवाय कळू नये. कुंपणापलीकडून शेजाऱ्याने काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, मग समोर बघितलं. समोर भिंत होती. आपण कुठपर्यंत आलो होतो ते त्याच्या ध्यानातून गेलं, आणि त्याने किल्ली फिरवली.

कर्रर्र.

तिचा हात पटकन पुढे जाऊन डॅशबोर्डवर टेकला. चौकात टेकला होता तसाच. त्याने किल्ली सोडली. इंजिन आधीसारखं शांत चालू होतं. चालू इंजिनाच्या फिरत्या चक्रावर स्टार्टरचे दात घासले की असा आवाज येतो. बंद इंजिनातून तो येत नाही.

"हाच आवाज होता," तो म्हणाला.

"कुठला?"

"चौकातला."

"मला नाही आठवत," ती म्हणाली. तिने दार उघडलं. "कुकर लावायचाय मला."

ती गेल्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहिला. इंजिन बंद करायचं त्याला सुचलं नाही. शेवटी तिनेच खिडकीतून हाक मारली, "अहो, पेट्रोल जळतंय."

मुलगा यायचा त्या सकाळी तो खाली गेला नाही. वर्तमानपत्राचं एकच पान समोर धरून बसला.

"शेवटचं एकदा बघून या ना," बायको म्हणाली.

"आता काय बघायचं?"

"बघायला काय जातंय? कधी कधी नंतर सापडतं."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून तो उठला. गाडीत बसून त्याने किल्ली अर्धी फिरवली, मग इंजिन सुरू केलं. समोरचा, बिघाड दाखवणारा पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. त्याने बिघाडाचा कोड वाचायचं छोटं यंत्र जोडलं. पडद्यावर अक्षरं उमटली. हवेचं तापमान सांगणारा सेन्सर, जोडणी तुटलेली.

त्याने बॉनेट उघडलं. शोधावं लागलंच नाही. अगदी पुढे, हवा गाळायच्या डब्यावर, उघडल्या उघडल्या जिथे हात पोचतो तिथेच सेन्सरची वायर सुटून लोंबत होती. ती बाजूने दाबली की सहज निघते, पण ते ठाऊक नसलेल्या कुणीतरी ती उचकटली होती. प्लास्टिकचा खटका मोडला होता. डब्यावर पात्याचे चरे होते, भाजीच्या सुरीचे असावेत तसे.

तो सेन्सर आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगतो, एवढंच. तो नसला तरी इंजिन थांबत नाही. तिला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

त्याने लोंबती वायर तळव्यावर घेतली. चौकात तिच्याशिवाय गाडीत दुसरं कुणी नव्हतं, आणि इंजिन बंद पडलं होतं असं ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती. तिला खरंच तसं वाटत असतं, तर ती सुरी घेऊन खाली आली नसती.

खिडकीत ती उभी होती. धुतलेला पेला पुसत होती, पुसून झालेला.

"सापडलं का काही?"

त्याला मान वर करायला वेळ लागला.

"सापडलं."

"मी म्हणत होतेच," ती म्हणाली आणि पेला पुन्हा पुसायला घेतला.

मुलगा आला तो बसने. स्वतःची गाडी आणली नव्हती, हे दोघांनीही बघितलं. त्याने बूट काढायच्या आत आईने सांगून टाकलं, "अरे, सेन्सर निघाला खराब. बाबांनीच शोधला."

"खरंच?" मुलाचा चेहरा इतका मोकळा झाला की त्याच्याकडे बघवेना. "मग मिटलंच सगळं. नवीन टाकू. कुठलाय, दाखवा. आत्ताच मागवतो."

तिघंही गाडीपाशी आले. मुलाने वाकून लोंबती वायर बघितली आणि फोन काढला.

"मिळत नाही तो," बाप म्हणाला.

"हल्ली सगळं मिळतं, बाबा."

"या गाडीचा बनवणं बंद झालंय. चौकशी केली मी."

त्याने कुठेही चौकशी केली नव्हती. बायको मधेच बोलली, "अहो, नुसता परत खोचून बघा ना. होईल कदाचित."

"नाही होत. खटका मोडलाय."

ती आपल्या हातांकडे बघू लागली. एका नखाखाली काळं राहून गेलं होतं. तिने ते बोट मुठीत घेतलं.

त्याने बॉनेट लावलं, खिशातून किल्ली काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली. दुसरी किल्ली घरात होती, तीही आणून दिली.

"आजच ने."

"अहो बाबा, एका सेन्सरपायी?" मुलाने आईकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. "बरं, नेतो. पण एवढ्या लांब जायचंय. वाटेत बंद पडली तर?"

तो बाजूला झाला, गाडी बाहेर काढायला वाट करून दिली.

"नाही पडणार," तो म्हणाला.