उत्तरेची खिडकी

बोल्ट करंगळीच्या पेराएवढा, पण प्रस्तावनेच्या सहाही पानांना पुरून उरला होता. व्हरांड्यातल्या वाऱ्यानं कागद उडत होते म्हणून सोलर बसवायला आलेल्या कानिफनाथनं जिना चढता चढता तो खिशातून काढून वर ठेवला, राहू द्या मॅडम, माझ्याकडं लई हायेत, म्हणाला आणि गच्चीवर गेला. आता बोल्टाखाली वंगणाचा एक गोल डाग उमटला होता, नेमका दुसऱ्या परिच्छेदावर – जिथे आई येते. दयानं पदरानं तो पुसायला घेतला आणि आणखी पसरवला. जाऊ दे, प्रूफच आहे, छापताना डाग थोडाच येणार आहे.

छापायला आजच जायचं होतं. प्रकाशकाच्या ऑफिसातल्या रेश्माचे सकाळपासून दोन मेसेज येऊन गेले होते, चारच्या आत 'ओके' कळवा, मशीन उद्याचं मिळालंय. दयाने सोलरवाल्यासाठी म्हणून किरकोळ रजा टाकली होती, खरं तर या 'ओके'साठी. अठ्ठावन्न वर्षं पुरी होत आली, आणि आता पहिलं पुस्तक. तेही भाषांतर. तेही ऑस्ट्रेलियातलं. दाराची ख्रिसमसची चांदणी जानेवारी अर्धा झाला तरी काढायला सवड नाही, अशी गत.

ऑस्ट्रेलिया कसा आला तिच्या आयुष्यात, तर गाईडमुळे. इंग्रजांचं सगळं होऊन गेलंय, अमेरिकेवर रांग लागलीय, तुम्ही ऑस्ट्रेलिया घ्या, तिकडे कोणी फिरकत नाही, असं गाईड म्हणाले आणि तिने घेतलं. एखादी बाई बसमध्ये रिकामी सीट घेते तसं. कॉलेजात क्लार्कपासून सगळ्यांनी विचारून घेतलं, मॅडम, क्रिकेटवर आहे का पीएच.डी.? तिला राग यायचा. मग पुस्तकं वाचत गेली आणि राग विसरली – काय ती माणसं होती! कैदी म्हणून बोटीतून आणून टाकलेल्यांची नातवंडं, मेंढरांमागे फिरणारी, पावसाच्या आशेनं पाण्याच्या टाकीवर कान ठेवून झोपणारी. त्यांच्याआधी हजारो वर्षं तिथेच राहिलेली आणि कागदावर कुठेच नसलेली काळी माणसं, ज्यांची लेकरं पुढे लिहायला लागली तेव्हा सगळ्यांची बोलती बंद झाली. आणि शेतावरच्या बायका, भांडी झाल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर कादंबऱ्या लिहिणाऱ्या. सुरुवातीच्या कवींनी तर कधी न पाहिलेल्या बर्फावर कविता केल्या, कारण विलायतेत नाताळाला बर्फ पडतो. हे शिकवताना ती दर वर्षी थांबायची. वर्गातली जामखेड-नेवाशाची पोरं हसायची, आणि ती म्हणायची, हसू नका, आमच्या चर्चमध्ये आम्हीपण गव्हाणीवर कापूस पसरतो. तिथे डिसेंबरात उन्हाळा, जुलैत हिवाळा, लिहून घ्या. बावीस बॅचनी लिहून घेतलं.

तिनं भाषांतराला घेतलेली कादंबरी अशाच एका शेतावरच्या बाईनं लिहिलेली. मिसेस क्रॉफर नावाची विधवा, तिची मेंढरं, तीन वर्षांचा दुष्काळ, दोन मुलगे शहरात गेलेले, मागे राहिलेली एक लग्न न केलेली मुलगी. शेवटच्या पानावर म्हातारी गड्याला सांगून आपली खुर्ची उत्तरेच्या खिडकीकडे वळवून घेते आणि बसते. पाठीमागे मुलगी भांडी घासत असते. संपली कादंबरी. या एका पानावर दयाच्या प्रबंधाचं अख्खं पाचवं प्रकरण उभं होतं. म्हातारी माणसांकडे पाठ करते, गारठ्याकडे, अंधाराकडे तोंड करते – उत्तर म्हणजे थंडी, उत्तरेचा वारा आला की नगरला कानटोप्या निघतात, हे काय कोणी सांगायला हवं? तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी मान डोलावली होती. निकिता नावाच्या एका मुलीनं एकदा पेपरात लिहिलं होतं, म्हातारीला ऊब हवी असेल. दहापैकी चार दिले. पाठ्यपुस्तक न वाचता ठोकून दिलंय, असं वाटलं.

अकरा वाजता ती चहा घेऊन गच्चीवर गेली. कानिफनाथ मूळ नेवाशाचा, बोलायला मोकळा. लोखंडी सांगाडा उभा करून तिरकी पॅनलं बसवत होता, आणि पॅनलांची तोंडं सगळी मागच्या बाजूला, मोसंबीच्या झाडाकडे. तिनं सहज विचारलं की रस्त्याच्या बाजूने का नाही बसवली, बघायला बरी दिसली असती. तो हसला. दक्षिणेकडंच करावं लागतं मॅडम, म्हणाला, हिवाळ्यात सूर्य तिकडून कलून जातो, तोंड तिकडं न्हाई केलं तर थंडीत बिल परत येणार. मग कपातला चहा संपवता संपवता त्यानं विचारलं, खाली ते ऑस्ट्रेलियाचं पुस्तक तुमचं का?

"माझा मावसभाऊ हाय तिकडं, हेच काम करतो," तो म्हणाला. "त्यो सांगतो, तिकडं समदं उलटं. सूर्य उत्तरेनं जातो. पॅनलचं तोंड उत्तरेला करायचं, घराच्या मोठ्या खिडक्यापन उत्तरेलाच. ऊन हवं आसंल तर उत्तर."

असं का, म्हणाली ती. कप उचलले, जिन्याच्या सतरा पायऱ्या उतरली, कप मोरीत ठेवले, विसळलेसुद्धा. मग व्हरांड्यात येऊन कादंबरीचं शेवटचं पान काढलं. 'म्हातारीने खुर्ची उत्तरेच्या गार खिडकीकडे वळवून घेतली.' गार. हा शब्द मुळात नव्हता. मूळ पुस्तक काढून बघायचीही गरज नव्हती. तो तिनेच घातला होता, वाचकाला नीट कळावं म्हणून. आणि त्याच पानाच्या तळाशी, तिच्याच हातची टीप – जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा. अगं बाई! एका पानावर दोन्ही. ऋतू उलटा केला आणि दिशा नगरचीच ठेवली. खाली हिवाळा आणि वर गार खिडकी, आणि मधल्या चार बोटांत माझी पीएच.डी.

हे दुरुस्त करता आलं असतं. एक शब्द उडवायचा, प्रस्तावनेची दोन पानं बदलायची. चुका कोणाच्या होत नाहीत, आणि नगरमध्ये हे पकडणार तरी कोण. पण हात चालेना, कारण आता ती दुसऱ्या परिच्छेदावर आली होती. 'मिसेस क्रॉफर मला कळली ती माझ्या आईमुळे,' तिथे लिहिलं होतं. 'माझी आई, रतनबाई, मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होती. शेवटच्या डिसेंबरात तिनेही आपली कॉट वळवून घेतली आणि दाराकडे, आम्हा सर्वांकडे पाठ केली. मी तिच्या एकांताचा मान राखला.'

आम्हा सर्वांकडे... सर्व कोण होतं? मी होते. मी, आणि दिवसभर सांभाळायला आक्काबाई.

तीन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ तिला सहज समोर आणता यायची, कारण आतापर्यंत तिचा त्रास नव्हता. कॉलेजातून यायला साडेसहा, बाहेर काळोख, मागच्या खोलीत ट्यूबलाइट. कॉट फिरलेली. आई कुशीवर, तोंड खिडकीकडे, दाराकडे पाठ आणि पातळ झालेली वेणी. आक्काबाईनं सांगितलं, आजींनी सांगितलं म्हणून फिरवली. तिला सांगितलं, मला नाही. वाईट वाटलं, फार वाटलं, आणि लगेच त्याच्यामागून – हे कुणाला सांगायची सोय नाही – एक प्रकारचं समाधानही वाटलं, की हे मी ओळखते, हे मी पाचव्या प्रकरणात लिहिलंय. मग ती रोज दारापर्यंत जायची, पाठ बघायची आणि हलक्या पावलांनी परत फिरायची. रविवारी चर्च, मग जेवण, मग पुढच्या खोलीत पेपरांचे गठ्ठे. फेब्रुवारीत आई गेली. लोक म्हणाले, दयानं शेवटपर्यंत केलं. तीही म्हणत आली, आईला एकटंच राहायचं होतं.

साडेबारा वाजले होते. ती मागच्या खोलीत गेली. आता तिथे पुस्तकांची खोकी, कॉट भिंतीला उभी करून ठेवलेली. या खोलीत या वेळेला, या महिन्यात, ती किती वर्षांत उभी राहिली नव्हती? दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत आलं होतं, चांगलं पाच फरशा आत, पांढरंशुभ्र; तिथेच कॉट होती, तिथेच उशी. दया त्या उन्हात जाऊन उभी राहिली. पावलं ऊबदार झाली, मग पिंढऱ्या. चांगलं वाटलं. इतकं चांगलं वाटलं की तिला रडायला आलं, आणि रडताना रागही आला, गाईडचा, परीक्षकांचा, मान डोलावणाऱ्या बावीस बॅचचा, आणि एवढं शिकून एका म्हातारीला थंडी वाजते हे न कळणाऱ्या आपल्या डोक्याचा. थंडी वाजत होती. बास. चौतीस वर्षं पेशंटच्या खाटा उन्हात सरकवणाऱ्या बाईनं स्वतःची खाट उन्हात सरकवून घेतली. आणि मी तिच्या पाठीवर प्रस्तावना लिहिली.

मग दुपारभर ती रिकामी पाठ तिच्या डोळ्यांसमोर. उन्हं सहाला गेलेली असायची. साडेसहाला मी यायचे. तेव्हाही आई वळायची नाही, हे मात्र खरं होतं. वळता येत नव्हतं? की वाट बघत होती, कोणी कॉटला वळसा घालून पलीकडून समोर येईल म्हणून? तीन पावलं होती. एवढंच होतं अंतर.

पावणेचारला रेश्माचा फोन आला. दयाने सांगितलं, शेवटच्या पानावरचा एक शब्द काढायचाय आणि प्रस्तावना अख्खी काढायचीय. मग रेश्मा समजुतीच्या आवाजात म्हणाली की प्रस्तावनेशिवाय वाचकाला ऑस्ट्रेलिया कसा कळणार, आणि आईचा भाग तर ऑफिसात सगळ्यांना आवडला होता.

"तो खोटा आहे," दया म्हणाली. "म्हणजे, मला माहीत नाही. माहीत नसलेलं छापू नका."

मशीन गेलं तर मार्चशिवाय मिळणार नाही, असं रेश्मा म्हणाली. मार्च तर मार्च. फोन ठेवल्यावर आपण शहाणपणा केला की वेडेपणा, याचा तिला अंदाज येईना. वरून कानिफनाथच्या ड्रिलचा आवाज येत होता. तिनं मोबाईलमध्ये आक्काबाईचा नंबर शोधला. आक्काबाई आता जामखेडला लेकीकडे, तीन वर्षांत दोनदा बोलणं झालेलं, दोन्ही वेळा नाताळात. ख्यालीखुशाली झाली. गुडघे दुखत होते, नात दहावीला होती. मग दयाने विचारलं, आईनं कॉट कशाला फिरवून घेतली होती, आठवतं का.

"उनासाठी की ओ बाई. लई गारठायच्या त्या. दिसभर उनात खूश आसायच्या, मला जुनी गानी म्हनून दाखवायच्या."

झालं. निकितालाही हेच कळलं होतं. ती आभार मानणार होती, ठेवते म्हणणार होती, तेवढ्यात आक्काबाई आपल्याच नादात पुढे म्हणाली:

"तुमच्या गाडीचा आवाज आला की मातर डोळं मिटून घ्यायच्या. म्हनायच्या, आली, आता गप."

डोळे मिटून घ्यायची. जागी असायची आणि... आणि लगेच, सवयीनं, डोक्यात सगळं भराभर जुळायला लागलं. म्हणजे पाठ होतीच, उन्हापलीकडेही होती, पाचवं प्रकरण अगदीच चूक नव्हतं. किंवा उलट, लेक दमून येते, बसेल उगीच, म्हणून झोपेचं सोंग, पोटात माया. किंवा आक्काबाईला नीट आठवतच नसेल. तिन्ही अर्थ पटण्यासारखे होते. तिन्हींना दाखले देता आले असते. एखादा उचलायचा, आणि मार्चपर्यंत नवी प्रस्तावना तयार... हा कसला रोग म्हणायचा, तिला वाटलं, आणि पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली.

"ठेवू का बाई? दूध उतू जाईल," आक्काबाई म्हणाली.

"थांब," मी म्हणाले. "का मिटायची डोळे? काय म्हणायची ती, जसंच्या तसं सांग. मला वाईट वाटेल असं असलं तरी सांग."

आक्काबाईनं आधी गॅस बंद केला. तो बंद केल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला, मग तिची पावलं, मग फोन उचलताना बांगड्या. आणि या सगळ्या वेळात मला काहीच सुचत नव्हतं, कुठलाच अर्थ लागत नव्हता, मी नुसती ऐकत होते.