फॅमिली आणि सरप्लस

“बाई, तुम्ही पुढच्या रांगेत, मालकांच्या शेजारी,” मॅनेजर म्हणाला आणि खुर्चीवरची धूळ त्याने स्वतःच्या रुमालाने झटकली.

कात्रीबाई बसल्या नाहीत. कपडे शिवायच्या या कारखान्यात त्या सगळ्यांत जुन्या, आणि त्यांना सगळे याच नावाने ओळखत. ऑर्डर भरून उरलेला माल बाजारात स्वस्तात जायचा, त्याला सरप्लस म्हणत. तो बाहेर पडण्याआधी कॉलरमागचं कंपनीचं लेबल कापायचं, म्हणजे कपडा कुणाचा ते कळायला नको. हे काम कात्रीबाईंचं. हात असा बसलेला, की कापडाला कधी धक्का लागला नाही.

आज दुपारी मॅनेजरने सगळ्यांना आवारात जमवून भाषण ठोकलं होतं. आधी म्हणाला, आपण सगळे एक फॅमिली आहोत, दरवर्षीसारखा फोटो काढू, दाराशी लावू. मग घसा खाकरून म्हणाला, यंदा काम कमी आहे, काही माणसं सरप्लस झालीत, त्यांनी संध्याकाळी हिशेब घेऊन जावं. आणि नावं वाचली. त्यात कात्रीबाईंची नणंद होती, शेजारच्या टेबलावर बटणं लावणारी. बिचारीने नाव ऐकलं आणि तरी फोटोसाठी केस सारखे केले. ते बघून कात्रीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“साहेब, एक विचारू? फॅमिली म्हणजे काय हो?”

“आता हे काय मध्येच? चला, उजेड जातोय.”

“ही माझी नणंद. नवरा गेला आणि माहेरी आली. घर दोन खोल्यांचं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी तोंड वाकडंच केलं. पण माणूस वाढलं म्हणून कुणी तिला दाराबाहेर काढलं नाही. भाजीत पाणी वाढवलं. आम्ही त्याला फॅमिली म्हणतो. आणि सरप्लस काय असतं ते मला नका सांगू. लेबल कापायचं नि गठ्ठ्यात फेकायचं. जन्म गेला माझा त्यात.”

“अहो बाई, दोन वेगळे शब्द आहेत. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?”

“तेच म्हणतेय मी. संबंध नाहीच. मग एकाच माणसाला दोन्ही कसे लावता?”

मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण पोट त्यालाही होतं. जवळ येऊन तो हळूच म्हणाला, “तुमचं नाव मी मुद्दाम वाचवलंय. मालक येतायत, निमूट बसा. नाही बसलात तर तुमचंही जाईल, मग माझ्याकडे येऊ नका.”

नणंदेने त्यांची बाही ओढली. “वहिनी, बस ना गं. एकीचा तरी पगार राहू दे.”

कात्रीबाईंना भीती वाटली. वाटणारच, दोघींच्या पगारावर एकच घर चालत होतं. पण भीती वाटली म्हणून राग थोडाच कमी होतो? उलट तो वाढला.

“घाला माझंही नाव,” त्या म्हणाल्या. “आजवर कपड्यांची लेबलं कापली. माणसांची कापताना शेजारी बसून हसायचं, ते मला जमायचं नाही.”

नणंदेचा हात धरून त्या फाटकाकडे निघाल्या. मागे सगळे जागच्या जागी उभे होते.

“ती रिकामी खुर्ची काढा हो,” फोटोग्राफर ओरडला. “वाईट दिसते मध्येच.”

मॅनेजर वाकला, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या इस्त्रीवाल्या काकांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “राहू द्या साहेब. फॅमिलीतली आहे.”

काकांनी हात काढला नाही. मालक आले, त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि शेजारी बसले. फोटो तसाच निघाला.

फाटकाबाहेर आल्यावर नणंद थांबली. “वहिनी, उद्यापासून कसं करायचं गं?”

कात्रीबाईंनी एप्रन काढून खांद्यावर टाकला.

“भाजीत पाणी वाढवायचं,” त्या म्हणाल्या. “चल.”