हौसाच्या आईचं नाव

भरे गावच्या गेणबाने बायकोला पुण्याजवळच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवले, तेव्हा भात पोटरीत होते, लोंब्या फुटायच्या होत्या. साल १९७८. गावात त्याने सांगितले की ती माहेरी, जवळच्याच माण गावी गेली आहे. क्षयाचे नाव निघाले असते तर विहिरीवरच्या बायका त्याच्या आईच्या घागरीपासून लांब उभ्या राहिल्या असत्या, आणि पुढे पोरीच्या लग्नातही कोणीतरी ते काढले असते. या दोन्ही गोष्टी गावात आधी घडलेल्या होत्या.

त्या पोरीला, आठ वर्षांच्या हौसालाही हेच सांगितले गेले. गेणबाच्या आईने, सगुणाबाईने, आणखी एक ठरवले: पोरीपुढे तिच्या आईचा विषय काढायचा नाही.

"आठवण काढली की पोर झुरतं. इसरंल हळूहळू," ती म्हणाली.

सुनेची लुगडी गाठोड्यात बांधून माळ्यावर गेली. आरशाच्या फळीवरची कुंकवाची डबीही उचलली गेली. घरात तिचे नाव कोणी घेईना.

हौसा विसरली नाही. आई माहेरी जाते ती लेकराला घेऊनच, हे तिला माहीत होते. दर पंचमीला तीच आईचे बोट धरून माणला जात आली होती. दिवाळीनंतर एका सकाळी ती कोणाला न सांगता चालत निघाली आणि मामाच्या, कुशाबाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"आई कुटं हाय?"

कुशाबा गडबडला. "आई? ती आत्ताच गेली की गं पुढं."

"कुटं पुढं?"

"पुढं... पाव्हण्यांकडं."

मामीने तिच्यापुढे दूध-भाकरी ठेवली आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. ते हौसाने पाहिले.

कुशाबाने तिला सायकलवर बसवून परत आणून सोडले. त्या दिवसापासून हौसाने आईबद्दल विचारणे बंद केले. घास तिच्या घशाखाली उतरेना. झोपेत ती किंचाळून उठे आणि कोणी जवळ घ्यायला गेले तर चावे. शाळेत शेजारची मुलगी सहज म्हणाली, "माझ्या आईनं मला नवी रिबीन आणली," तर हौसाने तिची पाटी दगडावर आपटून फोडली.

सगुणाबाईच्या मते पोर कशाला तरी भ्याली होती. भ्यालेल्या पोरांना त्या भागातले लोक घोटावड्याच्या बाजारात रहिमतबीकडे नेत. तिचा नवरा चाँदभाई किराणा दुकान चालवी. गुरुवारी दुपार कलली की दुकानामागच्या पडवीत रहिमतबी तांब्याच्या वाटीत पाणी घेऊन बसे. ती पोराचे नाव विचारी, आईचे नाव विचारी, ओठातल्या ओठात दुवा पढून पाण्यावर आणि पोराच्या कपाळावर फुंकर घाली. मग ते पाणी पोराने प्यायचे. आईच्या नावावाचून ती फुंकर घालत नसे. येणाऱ्या बायका बहुतेक हिंदू घरांतल्या असत आणि त्यांना हा नेम पाठ होता.

सगुणाबाईने नातीला दोनदा नेले. फरक पडला नाही. तिसऱ्या गुरुवारी तिचे गुडघे सुजले, म्हणून गेणबा आला. पडवीत सगळ्या बायका. तो खांबाला टेकून उभा राहिला.

"या, आज बाप व्हय?" रहिमतबी म्हणाली. "बस की. खांब काय पडत न्हाई."

बायका हसल्या. गेणबा बसला. रहिमतबीने हौसाला समोर घेतले.

"नाव सांग बेटा."

"हौसा."

"आईचं?"

हौसाने ओठ घट्ट मिटले.

"मागल्या बारीला आमच्या म्हातारीनं सांगितलं असंल की," गेणबा म्हणाला.

"सांगितलं. सगुणा सांगितलं. सगुणा तर तिचंच नाव. मला वाटलं, सासू-सून एकाच नावाच्या असतील. मग मागल्या बारीला ही पोर जाताना माझ्या कानात म्हणाली, 'ते आज्जीचं नाव हाय.'" रहिमतबीने वाटी खाली ठेवली. "मी दोन गुरुवार म्हातारीचीच दिष्ट काढली म्हणायची. तिचं तरी दुखायचं थांबलं का?"

"गुडघं सुजल्यात."

पडवीत पुन्हा हशा झाला. हौसा हसली नाही.

"आता तूच सांग. हिच्या आईचं नाव."

गेणबाने मान खाली घातली. लग्नातल्या उखाण्यानंतर बायकोचे नाव त्याने कधीच घेतले नव्हते. तो तिला 'अगं' म्हणे, लोकांत 'हौसाची आई' म्हणे. गावातले सगळेच पुरुष असे करत.

"मी कसं घ्यावं, चाची?"

दुकानातून चाँदभाईने आवाज टाकला, "लगीन लागलं तवा घेतलंस न्हवं, गेणबा? उखाण्यात घाल आन् मोकळा हो. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"तवाचं येगळं व्हतं."

"मग घरी जा," रहिमतबी म्हणाली. "पाणी मी वतून देते. पोर हाय तशी ऱ्हाईल."

हौसा बापाच्या तोंडाकडे बघत होती. गेले कित्येक दिवस ती त्याच्याकडे सरळ बघत नव्हती, हे त्याच्या तेव्हा लक्षात आले.

"तुळजा," तो म्हणाला. मग त्याने खाकरून पुन्हा सांगितले, "तुळजा हाय तिचं नाव."

हौसाने त्याचा सदरा धरला.

"हाय?"

"काय?"

"ती हाय? जित्ती हाय?"

गेणबाने तिला मांडीवर ओढले. ती चावली नाही.

"जित्ती हाय गं. दवाखान्यात हाय. क्षय झालाय तिला." तो हे सगळ्या बायकांसमोर बोलला. "बरं वाटल्याबिगर सोडत न्हाईत."

एक बाई आपले पोर घेऊन थोडी मागे सरकली. रहिमतबीने ते पाहिले. तिने वाटी उचलली, हौसा आणि तुळजा ही दोन नावे घेतली आणि फुंकर घातली. हौसा सगळे पाणी प्यायली. मग ती रडू लागली आणि बराच वेळ रडली. गेणबा सवयीने "गप, गप" म्हणाला, तेव्हा रहिमतबीने हातानेच त्याला थांबवले.

पुढच्या रविवारी तो तिला एसटीने घेऊन गेला. दवाखान्यात लहान मुलांना आत सोडत नसत. हौसाला फाटकाच्या गजांपाशी थांबायला सांगून गेणबा आत गेला. थोड्या वेळाने लांबच्या व्हरांड्यात एक बाई कठड्याला धरून उभी राहिली. तिने तोंडावर पदर धरला होता. ती इतकी वाळली होती की हौसाने आधी तिच्या मागच्या बाईकडे पाहिले. मग कठड्याजवळच्या बाईने हात वर केला आणि हौसाने आईला ओळखले.

हाक पोचेल एवढे अंतर होते, पण दोघींपैकी कोणी हाक मारली नाही. हौसाने गजांतून दोन्ही हात आत घातले आणि बोटे पसरून धरले. व्हरांड्यातल्या बाईने पदर सोडून तसेच केले. नर्स येऊन तिला आत घेऊन गेली तरी हौसा हात तसेच धरून उभी होती. शेवटी गेणबाने ते गजांतून सोडवले.

परतीच्या गाडीत तिने विचारले, "घरी कवा येईल?"

शिमग्याला, असे सांगणे त्याच्या ओठांवर आले होते.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "डाक्टरलाबी म्हाईत न्हाई. पुढल्या ऐतवारी पुन्हा जाऊ."

हौसा खिडकीकडे तोंड करून रडू लागली. गाडीतली माणसे वळून बघू लागली. कंडक्टर तिकिटे फाडत जवळ आला.

"काय पाव्हणं, पोरीला मारलं का काय? गप करा तिला."

"रडू द्या," गेणबा म्हणाला. "आई दवाखान्यात हाय तिची. आठवण येतीया." आणि थोडे थांबून, दुसरीकडे बघत म्हणाला, "मलाबी येतीया."

कंडक्टरने दीड तिकीट फाडून त्याच्या हातात दिले आणि तो पुढच्या बाकाकडे गेला.