पेशींचं पथ्य

संशोधक बाईंनी फ्रीजमधली, पेशींना खाऊ म्हणून घालायच्या सीरमची बाटली उजेडात धरली, लेबल दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. "चरबीविरहित!"

तीन आठवडे त्यांच्या पेशी संपावर होत्या. पेशीच्या पातळ आवरणात बसून बाहेरचा माल आत ओढणारी वाहक प्रथिनं हातावर हात ठेवून बसली होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी शुक्रवारची मुदत दिली होती. त्यानंतर प्रकल्प बंद. बाईंनी यंत्राला दोष दिला, पाण्याला दिला, शेवटी नशिबालाही बोल लावले.

"मामा, पेशींना हे कुणी घातलं?"

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने मदतनीस. भांडी धुण्यापासून पेशींना खाऊ घालण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. त्यांनी हात पुसले.

"मीच. साधी आणि ही, दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी होत्या. छातीत दुखलं तेव्हापासून डॉक्टर मला सांगतायत, कोलेस्टेरॉल म्हणजे विष. म्हटलं, या बिचाऱ्यांना तरी कशाला?"

"अहो, पेशींना हृदय नसतं!"

"जीव तर असतो ना?"

बाई तणतणत खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या. आवरणातलं कोलेस्टेरॉल मोजलं, तर ते निम्म्यावर आलेलं. पेशींच्या अर्ध्या बाटल्यांत त्यांनी ते परत घातलं. दुसऱ्या दिवशी तिथली प्रथिनं झडझडून कामाला लागली. बाकीच्या बाटल्या ढिम्म. आवरणात पुरेसं कोलेस्टेरॉल नसेल तर या प्रथिनांना धड कामच करता येत नाही, इतका सरळ हिशेब. ठरवून बसल्या असत्या तरी इतका नेटका प्रयोग बाईंना सुचला नसता.

शुक्रवारी सरांनी आलेख निरखून पाहिला.

"झकास! पेशींना पथ्यावर ठेवायची कल्पना कुणाची?"

"मामांची."

सर खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. प्रकल्प मात्र वाचला.

जागेवर येऊन त्यांनी संगणक उघडला.

"मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला ट्रे त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

"वर तक्रार करताय? करा, चूक माझीच आहे. फक्त निवृत्तीला चार महिने राहिलेत, तेवढं बघा."

अकरा वर्षांत आपण हे नाव कधी विचारलंच नाही, याची बाईंना मनापासून लाज वाटली. त्यांनी पडदा मामांकडे वळवला. शोधनिबंधाच्या मथळ्याखाली बाईंचं नाव होतं आणि त्याच्या शेजारी रिकामी जागा.

मामांनी चष्मा चढवला. ओठ हलवत दोनदा वाचलं.

"वडिलांचं नावही घालता येईल का?" त्यांनी विचारलं.