दगडातली डावी बाजू

मी भांडकुदळ आहे, हे आमच्या इका शहरात कुणालाही विचारा, सांगतील. त्या मंगळवारी तर मी संग्रहालयाच्या मागच्या अंगणात, भर उन्हात, दगडावरच ठाण मांडून बसले होते. समोर विल्मेर मिस्त्री दगड कापायचं यंत्र घेऊन उभा. एरवी तो थडग्यांचे दगड कापतो. आज त्याला आमचा डॉल्फिन कापायला बोलावलं होतं.

"ऊठ, सोराइदा," डॉक्टर आकिहे म्हणाले. ते संग्रहालयाचे प्रमुख आणि माझे गुरू. "लोक बघतायत."

"बघू देत. मिस्त्री, कापायचं तर माझ्यासकट कापा."

विल्मेरनं यंत्र खाली ठेवलं. "डॉक्टर, माझा दगड माणसावर बसतो. माणूस दगडावर बसलेला मी पहिल्यांदाच बघतोय."

त्या दगडात एका प्राचीन डॉल्फिनची कवटी होती. ओकुकाहेच्या वाळवंटात ती मला सापडली तेव्हा उजवी बाजू तेवढी उघडी पडली होती, डावी अजून दगडाच्या पोटात. उजवी मी स्कॅन केली. डॉक्टरांनी संगणकात तिचं आरशातल्यासारखं प्रतिबिंब काढलं, डाव्या जागी चिकटवलं आणि झाली पूर्ण कवटी तयार. अगदी सुबक. तिची पोस्टरं छापली, शनिवारी उद्घाटनाला मंत्री येणार हेही ठरलं. फक्त दगड भिंतीतल्या काचेच्या कपाटात मावेना. म्हणून त्याची मागची बाजू कापून टाकायची, असा हुकूम निघाला. म्हणजे खोटी डावी बाजू पोस्टरवर मिरवणार आणि खरीचा भुगा गटारात जाणार. हे ऐकून माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

"डॉल्फिनचं डोकं वाकडं असतं, डॉक्टर," मी म्हणाले. "नाक मधोमध नसतं, डावीकडे सरकलेलं असतं. आजच्या डॉल्फिनचंही तसंच. पाराकासच्या किनाऱ्यावर मेलेला सापडला होता ना, त्याची कवटी मी स्कॅन केली आणि उजवी बाजू दोन्हीकडे लावून बघितली. असा गलेलठ्ठ प्राणी निघाला, की आपल्या समुद्रात तसा कधी कुणी पोहलाच नसेल!"

"मला शिकवतेस? डोकं वाकडं असतं हे मीच तुला शिकवलं."

"मग आता विसरलात कशाला?"

"विसरलो नाही! असेल थोडाफार फरक. मंत्र्यांना काय कळतंय? दगडाच्या आतलं बघायला हॉस्पिटलच्या सीटी स्कॅन मशीनची तारीख महिनाभर मिळत नाही. हातानं दगड पोखरत बसलो तर वर्ष जाईल. ऊठ म्हणतो ना!"

तेवढ्यात डॉक्टरांच्या आई, दोन्या हर्मेलिंदा, लेकाचं जेवण घेऊन आल्या. रोज दुपारी येतात. हातातल्या भांड्यातून कारापुल्क्राचा, सुक्या बटाट्याच्या मसालेदार रश्श्याचा, वास अंगणभर पसरला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही काय अंडी उबवतेय?"

आणि मला सुचलं. नवा स्कॅनर आला तेव्हा डॉक्टरांनी हौसेनं सगळ्यांत आधी स्वतःचाच चेहरा स्कॅन करून घेतला होता. लॅपटॉप माझ्या मांडीवरच होता. मी तो चेहरा उघडला, कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध कापला, डावी बाजू फेकून दिली आणि उजवी दोन्हीकडे लावली. डॉक्टरांनी डॉल्फिनचं जे केलं होतं, अगदी तेच.

"दोन्या हर्मेलिंदा, हा कोण, ओळखा बरं."

त्यांनी चष्मा चढवला. "कोण गं हा? दिसायला बरा आहे. पण तोंडावरून कुणी इस्त्री फिरवलीय का याच्या?"

"आई, मीच आहे तो," डॉक्टर दातओठ खात म्हणाले.

"तू? चल! माझ्या फाउस्तोला डाव्या गालावर गाढवानं लाथ मारली होती. तेव्हापासून त्याची ती पापणी लोंबते. मांडीवर घेऊन बसले होते मी त्याला, वाटलं होतं पोर हातचं जातंय. याला कुठे लाथ लागलीय? याला नाही मी जन्म दिला."

विल्मेर खो-खो हसला. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला.

"मग शनिवारी मंत्र्यांसमोर यालाच उभा करा," मी म्हणाले. "तुम्ही घरी बसा."

"मशीनची तारीख कुठून आणू, ते सांग आधी!" डॉक्टर ओरडले.

"माझी आहे की," दोन्या हर्मेलिंदा म्हणाल्या. "गुरुवारची. कमरेसाठी दिलीय."

"आई, काहीतरीच काय!"

"माझी कंबर जन्मापासून माझ्यासोबत आहे, महिनाभरात कुठे पळून जात नाही. तुझा मासा मात्र आज भुगा व्हायचाय."

"मासा नाही तो, आई."

"तेच ते. जेव आधी."

गुरुवारी हॉस्पिटलात त्यांच्या नावाचा पुकारा झाला, तशी मी आणि विल्मेरनं चादर पांघरलेला दगड स्ट्रेचरवरून आत ढकलला. मशीनवरच्या माणसानं चादर वर करून बघितलं.

"हा पेशंट?"

"हाच," दोन्या हर्मेलिंदा म्हणाल्या. "माझ्या जागी आलाय."

"कधीपासून त्रास आहे याला?"

"नव्वद लाख वर्षं," मी म्हणाले. तो हसला आणि म्हणाला, "घ्या आत."

येणार नाही म्हणणारे डॉक्टर मागे हाताची घडी घालून उभे होते. पडद्यावर दगडाचे काप एकामागून एक येऊ लागले. नाक डावीकडे सरकलेलं, मी म्हटलं होतं तसंच. आता डॉक्टरांना चांगलं सुनावायचं म्हणून मी वळले, तोच डाव्या गालात एक ठिपका उजळला. पुढच्या कापात तो मोठा झाला, मग त्रिकोणी. हाडाहूनही पांढरा.

डॉक्टरांची सगळी हयात शार्कच्या दातांत गेली आहे. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. ते पडद्याला नाक लागेल इतके पुढे आले.

"शार्कचा दात आहे," ते म्हणाले. "आणि हाड बघ, सोराइदा. दाताच्या भोवतीनं वाढलंय. जखम भरून आलीय. हा त्या चाव्यानं मेला नाही. दात गालात घेऊन कितीतरी वर्षं पोहत राहिला."

बोलता बोलता त्यांचा हात आपल्या डाव्या गालावर गेला होता. विल्मेरचं यंत्र त्या दातावरून फिरलं असतं, या विचारानं मला रडू फुटलं. सुनावायचं राहूनच गेलं.

जुनी पोस्टरं मी स्वतः फाडली. शनिवारी न कापलेला दगड दालनाच्या मधोमध, विल्मेरनं दिलेल्या थडग्याच्या चौथऱ्यावर बसला. शेजारी नव्या स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरनं छापलेली कवटी, वाकडी, गालात दात असलेली. मंत्री तिच्यासमोर थांबले, मान तिरकी करून बघत राहिले.

"जरा वाकडं वाटतं हे. सरळ नाही का करता आलं?"

मी तोंड उघडलं, पण डॉक्टर माझ्या पुढे झाले.

"आलं असतं, साहेब," ते म्हणाले, आणि आपला डावा गाल मंत्र्यांकडे वळवला. "करणार नाही."