फोटोची घडी

तामिहानाच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एकच फोटो होता. मोठा, चौकटीतला, चाळीस वर्षांपूर्वी नदीकाठी काढलेला. त्यात तो डावीकडे, त्याची बायको रिपेका उजवीकडे. त्याचा हात तिच्या खांद्यावर, तिचं डोकं त्याच्याकडे कललेलं, आणि दोघंही मनापासून हसत होते.

रिपेकाचा दुसरा फोटोच नव्हता. कसा असणार? कॅमेरा कायम तिच्याच हातात. गावच्या सभाघरात वारलेल्या माणसांचे जे फोटो लावले होते, त्यांतले निम्मे तिनेच, ती माणसं हयात असताना काढलेले. "हनुवटी वर कर, पुढे तुला भिंतीवरून नातवंडांकडे बघायचंय," असं ती म्हाताऱ्यांना दरडावायची.

आता तिची पाळी होती. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. शनिवारी तिच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचं, आणि त्याच दिवशी तिचा फोटो सभाघरात तिच्या आईशेजारी लावायचा. ती जागा वर्षभर मोकळी ठेवलेली होती.

अडचण एवढीच, की त्या भिंतीवर जिवंत माणसाचा चेहरा चालत नाही. लावलाच, तर भिंतीवरची माणसं त्याला आपल्याकडे बोलावून घेतात.

सोमवारी रिपेकाची थोरली बहीण मातेरोआ आली. सभाघराची व्यवस्था तिच्याकडे होती. चहात तीन चमचे साखर घालून ती म्हणाली, "काप."

"काय कापू?"

"स्वतःला. कात्री नसेल तर माझी देते. मेंढ्यांची आहे, पण तुला चालेल."

"आणि हात? तिच्या खांद्यावर माझी चार बोटं राहतील."

"साडेतीन," मातेरोआ म्हणाली. तरुणपणी मेंढ्या कातरताना त्याची अर्धी करंगळी गेली होती, आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. "आंधळासुद्धा ओळखेल ती बोटं कुणाची ते."

तामिहाना फोटोकडे बघत म्हणाला, "मग मलाही राहू दे ना तिथे. अठ्ठ्याहत्तर झाली. माझे असे किती दिवस राहिलेत?"

मातेरोआने चमचा खाली ठेवला. "घाई झालीय का मास्तर? मग शनिवारची रताळी कोण सोलणार?"

"मी गंमत करत नाही."

"मी करतेय, हे तुझं नशीब समज. नाहीतर एक थोबाडीत बसली असती."

जाताना तिने आपल्या फोनवर त्या फोटोचा फोटो काढून घेतला. तिची मुलगी शहरात होती. तिथल्या दुकानात म्हणे हवा तो माणूस पुसून देतात.

गुरुवारी पाकीट आलं. काम सफाईने केलं होतं. तामिहानाच्या जागी आता नदीचं पाणी होतं, वाळुंजाची झाडं होती. रिपेकाचा खांदा मोकळा होता. पण डोकं तसंच कललेलं. ती पाण्याकडे झुकून हसत होती.

वर्षभर तो या घरात एकटाच बोलत होता. दूध उतू गेलं तरी सांगायचा, कुत्रा लंगडला तरी सांगायचा, आणि मग आठवायचं, की मान कलती करून ऐकणारं कुणी नाही. आता तिकडे तिचंही तसंच.

त्याने मातेरोआला फोन केला. "हा मी लावणार नाही."

"चेहरा तिचाच आहे ना?"

"चेहरा तिचाच आहे. पण एकटीच हसत बसायला ती काही वेडी नव्हती."

"मास्तर, परवा शनिवार आहे."

"तीस वर्षं मी पोरांना त्या भिंतीपुढे उभं केलं," तामिहाना म्हणाला. "या फोटोंकडे नुसतं बघायचं नाही म्हणून शिकवलं. पुढे जायचं, आपलं नाव सांगायचं, कुणाची मुलं ते सांगायचं, ख्यालीखुशाली विचारायची. का? तर हे खरे आहेत. आणि आता तिलाच खोटी करून टांगू?"

मातेरोआने फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी त्याने चौकट उतरवली आणि फोटो बाहेर काढला. शाळेतली जुनी लाकडी पट्टी घेतली. दोघांच्या मधोमध पट्टी धरून, नखाने दाबत दाबत, पोरांना कागदाची घडी शिकवावी तशी सावकाश घडी घातली. तो मागे गेला, रिपेका पुढे राहिली. कागद चरचरला, पण फाटला नाही.

मातेरोआ आली तेव्हा चौकट पुन्हा बंद झालेली होती. तिने ती उलटीपालटी करून पाहिली.

"तू आत आहेस."

"आहे. पण तोंड भिंतीकडे. मी कुणाला बघत नाही, कुणी मला बघत नाही. माझी पाळी आली की घडी उघड."

"मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि मला सांगतोस?"

"मग तुझ्या मुलीला सांगून ठेव."

ती खुर्चीत बसली. रिपेकाच्या खांद्यावरच्या साडेतीन बोटांवरून तिने आपलं बोट फिरवलं.

"पोरांना शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं करायचास ना? आता राहा उभा."

तामिहानाला हसू फुटलं. वर्षभरात प्रथमच.

"पण बोटं झाकायची," ती म्हणाली. "ती मी दिसू देणार नाही. बायका रडायचं सोडून तुझी बोटं मोजत बसतील." तिने काळ्या पुठ्ठ्याची किनार कापली आणि काचेखाली सरकवली. खांद्याची कड तेवढी झाकली गेली.

शनिवारी बायका फोटो छातीशी धरून, रडत, हाका मारत तिला आत घेऊन गेल्या. आईशेजारच्या खिळ्यावर ती नीट बसली. जेवणं झाल्यावर मातेरोआची पणती मिरिआमा तामिहानाचा हात धरून भिंतीपाशी आली.

"कोरो आजोबा, ही कुणाचं ऐकतेय?"

दाराशी उभी असलेली मातेरोआ एकदम बाहेर बघायला लागली. घडीची गोष्ट फोडायची नव्हती, आणि त्या भिंतीपुढे खोटं बोलायचं नाही, हे तामिहानानेच तर मुलांना शिकवलं होतं. तो खाली वाकला.

"आधी तुझं नाव सांग तिला."

मिरिआमाने नाव सांगितलं, आईचं सांगितलं, पणजीचं सांगितलं. मग आपला दात पडल्याचंही सांगितलं. आणि रिपेका कलत्या मानेने ऐकत राहिली.

मातेरोआ म्हणाली, आज माझ्याकडेच राहा. तो नको म्हणाला.

घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळा होता, आणि खाली फिकट चौकोन. टेबलावर शहरातलं पाकीट तसंच पडलं होतं. त्याने त्यातला फोटो काढला, पाणी आणि झाडं पाहिली, आणि खिळ्याला अडकवला. मग आपली खुर्ची ओढत नेली आणि फोटोच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून ठेवली.

किटली शिट्टी मारायला लागली. चहा घेऊन तो तिथे बसला आणि म्हणाला, "ती पोरगी भारी चौकस आहे हं."